चार हॉर्न आणि एक चांदीचं नाणं

ओटोकार स्कालाला आमच्या भागात सगळे 'एकाहत्तरवाला' म्हणतात. व्हिएन्नात माणूस गेला की आम्ही म्हणतो, त्यानं एकाहत्तर नंबरची ट्राम पकडली. कारण ती ट्राम मोठ्या दफनभूमीला जाते. स्कालानं आयुष्यभर तीच चालवली. माझं पेपर-तंबाखूचं दुकान त्याच्या थांब्यावर. मी विचारायची, "काय हो, आज कोणाला पोचवलं?"

"तुमच्यासाठी खिडकीची जागा राखून ठेवलीय, बाई," असं म्हणून तो पेपर काखेत मारायचा.

त्याला बायको नाही, पोर नाही, दारूचंही वेड नाही. वेड एकच, आमच्या व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाच्या नावानं टांकसाळ काढते ते सोन्याचं नाणं. एका बाजूला संगीतगृहातला भलामोठा ऑर्गन, दुसऱ्या बाजूला चेलो, व्हायोलिनं, हार्प, बासून आणि फुंकून वाजवायचा पितळी हॉर्न. पोटाला चिमटा घेऊन तो दरवर्षी एक सोन्याचं घ्यायचा. चांदीचं निघालं तेव्हा हौसेनं तेही एक घेतलं. सगळी आपापल्या पारदर्शक डब्यांत बंद. एकदा मी डबी उघडायला गेले, तर माझ्या बोटांवर त्यानं सटकन टिचकी मारली. "आत्ता लेबरकेसचा, तो तेलकट मांसाचा पाव खाल्लात ना? ते तेल काय हॉर्नला लावता?"

ही सोन्याची नाणी कशासाठी, ते त्यानं कधी लपवलं नाही. आमच्याकडे माणसं लग्नापेक्षा स्वतःच्या अंत्ययात्रेसाठी जास्त जमवतात. स्कालाला आपल्या कबरीवर चार हॉर्न वाजायला हवे होते. "एवढ्या लोकांना मुकाट्यानं पोचवलं," तो म्हणायचा, "मी मात्र वाजत जाणार."

संगीतगृहात आम्ही उभ्याच्या जागेवरचे, स्वस्त तिकीटवाले. तिथं आधी येऊन कठड्याला रुमाल बांधला की जागा तुमची. मग खुशाल कॉफी प्यायला जा. त्या गाठीला कोणी हात लावत नाही. स्कालाची पाळी उशिरा सुटायची. धापा टाकत, गणवेशातच तो यायचा, तेव्हा मधल्या खांबाजवळ त्याच्यासाठी एक तपकिरी रुमाल बांधलेला असायचा. तो बांधायची लुकेशबाई. धुलाईच्या दुकानात इस्त्री करायची, एकटीच राहायची. दोघं वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, पण अहो-जाहोच्या पुढे कधी सरकली नाहीत. हॉर्न सुरू झाला की बाई डोळे मिटायची, आणि स्काला तिच्याकडे बघायचा. आम्ही एकमेकींना कोपरं मारायचो. त्या दोघांना काही पत्ता नसायचा.

गेल्या हिवाळ्यात लुकेशबाई गेली. नात्याचं कोणीच नाही. नगरपालिका पुरणार होती. साधी शवपेटी, दोन शब्द, संपलं. संगीत वगैरे काही नाही.

स्काला माझ्या दुकानात आला. बगलेत डब्यांची पेटी होती. "टांकसाळीच्या दुकानात चाललोय. विकायला."

"सगळी?"

"सोन्याची सगळी. हॉर्नवाले चार हवेत. दोघांत मजा नाही."

मी चिडलेच. खरं सांगते, मला रडू येत होतं म्हणून चिडले. "अहो, अक्कल गहाण टाकलीत का? तुमच्या वेळी काय? तुमच्यासाठी कोण वाजवणार?"

"इतकी वर्षं माझी जागा कोणी धरली, बाई?" तो म्हणाला. "मी रोज उशिरा यायचो. एकदासुद्धा कुरकुरली नाही ती."



दफनाच्या दिवशी आम्ही उभ्याच्या जागेवरचे झाडून सगळे गेलो आणि सवयीनं तिथंही रांग लावून उभे राहिलो. चार हॉर्न वाजले. थंडीनं वाजवणाऱ्यांचे ओठ निळे पडले होते, पण सूर ढळला नाही. स्कालानं खिशातून तोच तपकिरी रुमाल काढला आणि पेटीच्या कडीला बांधला. पेटी खाली सोडताना पेटी उचलणाऱ्यांतला एक जण तो सोडवायला वाकला, तशी आमची सगळी रांग एकदम ओरडली, "हात लावायचा नाही! जागा धरलीय!"

बिचारा दचकून मागे झाला. रुमाल पेटीबरोबर खाली गेला. स्काला पहिल्यांदाच तिला तू म्हणाला. "माझीपण धरून ठेव गं. मी येतो उशिरा."

माणूस कसा असावा असं मला कोणी विचारलं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन.

परतीला आम्ही दोघं एकाहत्तरमध्येच बसलो, प्रवासी म्हणून. स्कालानं चांदीच्या नाण्याची डबी काढली. नख घालून उघडली. नाणं बोटाच्या टोकावर तोललं आणि घराच्या किल्लीनं त्याच्या कडेवर टकटक केलं. सुरेख, लांबलचक नाद निघाला. पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून बघू लागली. किल्ली लागली तिथं चांदीवर ओरखडा उठला होता.

"घ्या," नाणं माझ्या हातावर ठेवत तो म्हणाला. "माझ्या वेळी तुम्ही हे वाजवा. तेवढं पुरे."

मी घाईघाईनं डबी शोधू लागले.

"राहू द्या ती. पर्समध्येच टाका. हाताशी असलेलं बरं."

मी ते पर्समध्ये टाकलं. किल्ल्या, सुटे पैसे, अर्धा खाल्लेला पाव, सगळ्यांबरोबर. माझी बोटं तेलकट होती. तो बघत होता, पण या वेळी त्यानं टिचकी मारली नाही.