मर्लचा स्वस्तातला ट्रेलर

मर्लने ट्रेलर घ्यायचा म्हटलं आणि मी घाबरलेच.

कुणालाही हसू येईल. आमच्या पश्चिम नेब्रास्कात दर दुसऱ्या अंगणात गाडीमागे जोडायचा ट्रेलर असतो, कुणाचा गवताच्या गठ्ठ्यांसाठी, कुणाचा होडीसाठी. पण माझ्या नवऱ्याला तो मोटरसायकल न्यायला हवा होता, आणि हा माणूस जन्मभर मोटरसायकल लादून नेणाऱ्यांची टर उडवत आलेला. दर ऑगस्टला तो आणि त्याचा दोस्त डुआन ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत मोटरसायकलवाल्यांच्या मेळ्याला जायचे ते वारा आणि गारा खात, स्वतः चालवत. वाटेत कुणाची मोटरसायकल ट्रेलरवर बांधलेली दिसली की मर्ल शेजारी जाऊन हॉर्न वाजवायचा आणि ओरडायचा, "काय राव, घोडं आजारी आहे का?"

भीती म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नव्हतं. धान्याच्या कोठारावर नोकरी केली त्याने. एकदा उंचावर शिडीची पायरी तुटली आणि तो एका हाताने लोंबकळत राहिला. घरी येऊन मला काय सांगितलं असेल? बटाट्यात मीठ कमी आहे.

असा माणूस नाश्त्याला बसून म्हणतो, "गुडघा दुखतो हल्ली. छोटा, स्वस्तातला बघू एखादा. मोटरसायकल मावली की झालं."

गुडघा म्हणे! त्याच आठवड्यात छपरावर चढून त्याने पन्हळ साफ केली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं माझं झालं. कॅन्सर, हृदय, दुसरी बाई, सगळं डोक्यात येऊन गेलं. दुसरी बाई त्यातल्या त्यात परवडली असती.

ट्रेलर बघायला तो मला बरोबर घेऊन जाऊ लागला. हेही नवीनच. एरवी नटबोल्टच्या दुकानात मी मागे लागले तर तो मला गाडीत बसवून ठेवायचा.

दुकानातला पहिला ट्रेलर कोरा करकरीत होता, घरी नेऊन जोडायचा. मर्लने चाकांकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. "ही बाळाच्या ढकलगाडीची चाकं. हायवेवर तापून फुटतील." दुसरा एका शेतकऱ्याकडे होता. तळाच्या फळ्या भक्कम, पण मर्ल म्हणाला, "गाडीला जोडायचा दांडा आखूड आहे. मागे घेताना झटकन वाकडा होतो. वर्नाला नाही जमायचं."

"मला?" मी म्हटलं. "मी कशाला मागे घेऊ?"

तो फळ्या बघत राहिला.

तिसरा ट्वीडी नावाच्या वेल्डरचा, त्याने स्वतः बनवलेला. हिरवा रंग उडालेला, एक मडगार्ड चेपलेलं. मर्ल खाली झोपून प्रत्येक सांधा हातोडीने वाजवून आला. पुढचं चाक अडवायला खाच होती, पट्टे बांधायला चारही कोपऱ्यांत कड्या होत्या. मग म्हणाला, "वर्ना, दांडा उचलून बघ."

उचलला. जड नव्हता.

ट्वीडी हसला. "साहेब, मोटरसायकल तुमची आणि ओझं बाईंना?"

मर्ल हसला नाही. चेपलेल्या मडगार्डवरून थोडी घासाघीस करून त्याने तो घेतला.

शनिवारी मोटरसायकल चढवायला डुआन आला. "काय रे, म्हातारं कोण झालं, घोडं की स्वार?" एरवी मर्लने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तो मुकाट्याने पट्टे आवळत राहिला. डुआनने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. त्याला ओसरीवर कॉफी देऊन आम्ही दोघं ट्रेलर कसा चालतो ते बघायला पिकअप घेऊन निघालो.

गावाबाहेर लांब उतार आहे. समोरून गुरांचा ट्रक वर येत होता. मी काहीतरी बोलत होते, टोमॅटोबद्दल बहुतेक, आणि आमची गाडी रस्त्यामधली पिवळी रेघ ओलांडून त्या ट्रककडे निघाली. अगदी सावकाश, जणू तिकडेच जायचं होतं.

"मर्ल!"

त्याचे हात स्टीअरिंगवर होते, पण त्या हातांत कुणी नव्हतं. मी स्टीअरिंग खेचलं. मागे ट्रेलर डावीकडे गेला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे. ट्रकचा भोंगा खिडकीवरून कानठळ्या बसवत गेला. मग मर्लने डोळे मिचकावले, ब्रेक दाबला आणि आम्ही कडेच्या गवतात थांबलो.

"ट्रेलरने ओढलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शेपूट हलवली त्याने. स्वस्तातलं घेतलं ना, भोगा आता."

मी विश्वास ठेवला. अधाशासारखा ठेवला. मागे वजन जास्त झालं की ट्रेलर शेपूट हलवतो, हे इथे पोरंसोरंही सांगतील. खाली उतरले आणि बघू लागले. मोटरसायकल तसूभर सरकली नव्हती. खाचेत चाक घट्ट, चारही पट्टे ताठ. वजन पुढे, जिथे हवं तिथे. दांडा पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर पक्का बसलेला, साखळ्या जागच्या जागी. चाकांना हात लावला, तापलेली नव्हती. मी गुडघ्यांवर बसून सांधा न् सांधा चाचपला. देवा, एक भेग दाखव, एक सैल नट दाखव. स्वस्त वस्तू खराब निघावी म्हणून इतका धावा कुणी केला नसेल.

सगळं ठणठणीत होतं.

"अजून एकदा बघते," मी म्हटलं.

"वर्ना, पुरे." मर्ल ट्रेलरला टेकून उभा होता. "मला तो ट्रक दिसलाच नाही. उताराला लागलो ते आठवतं. मग तू ओरडलीस."

"मग हे काय होतं?"

"डोक्यातला दिवा विझतो. मे महिन्यात मोटरसायकलवर झालं. शुद्धीवर आलो तर मक्याच्या शेतात पडलेलो, इंजिन चालूच. त्याआधीही एकदा. म्हटलं, गाडीत चार भिंती असतात. शेजारी तू असशील. काही झालंच तर ट्रेलर तुला झेपावा."

भीती होतीच, तिच्यावर संताप चढला. "आणि त्या ट्रकवाल्याला काय झेपणार होतं? मला बरोबर घेतलंस ते मरायला?"

"नाही गं." त्याने ट्रेलरची कडी धरली. "एकट्याला भीती वाटत होती."

सगळ्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ट्रक अंगावर आला तेव्हा घाबरले नव्हते इतकी त्या वाक्याने घाबरले.

त्याने किल्ली पुढे केली. मी ट्रेलर कधी ओढला नव्हता. घरापर्यंत बैलगाडीच्या वेगाने आले, मागची वाहनं भोंगे वाजवत पुढे गेली. प्रत्येक वळणावर मी त्याला म्हणत होते, "बोल काहीतरी. बोलत राहा." आणि तो बिचारा रस्त्याकडेच्या कुंपणांचे खांब मोजत राहिला, मोठ्याने.

अंगणात शिरलो तसा डुआन ओसरीवरून ओरडला, "अरे वा! मोटरसायकल ट्रेलरवर आणि नवरा बायकोच्या शेजारी! मेळ्यात लोकांना काय सांगणार आहेस?"

मर्लने काच खाली केली. तो काहीतरी थाप मारेल, गुडघा दाखवेल, हे मला ठाऊक होतं. ती थापही मी चालवून घेतली असती, खरं सांगते.

"डुआन, मी चालवताना बेशुद्ध पडतो," तो म्हणाला. "आज वर्नाला मारलंच होतं. सोमवारी डॉक्टरकडे जातोय. माझ्या हातात किल्ली दिसली तर काढून घे."

डुआनने कप कठड्यावर ठेवला. पायऱ्या उतरून तो आला, गाडीचं दार उघडलं आणि हात पुढे केला. माझ्या नवऱ्याने तो धरला आणि धरूनच खाली उतरला.