डब्याचं वाण

आमच्या बोरी गावात एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना दुपारचा डबा पोचवणारं एक स्वयंपाकघर आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई ते चालवतात. मी तिथे भाकरी थापते आणि तोंड चालवते. कुणाची मुलं पुण्याला गेलेली, कुणाची ऊसतोडीला. बऱ्याच जणांचं दिवसभराचं जेवण म्हणजे तो डबा.

गेल्या वर्षी सरकारी अनुदान बंद झालं. तालुक्याहून साहेब आले आणि "यापुढं लोकांकडूनच बघा" असं सांगून गेले. मला इतका राग आला की त्या दिवशीच्या सगळ्या भाकरी जाड झाल्या. कोठीत संक्रांतीपर्यंत पुरेल एवढंच धान्य होतं.

"आता दारोदार मागत फिरायचं का?" मी जाऊबाईंना विचारलं.

"मागायचं कशाला? संक्रांत आलीच की. आपल्या बाया दरसाल वाण लुटतात का न्हाई?"

संक्रांतीला बायका एकमेकींना वाण देतात, आणि त्या देण्यालाच लुटणं म्हणतात. त्या लुटीच्या प्लास्टिकच्या चाळण्यांनी माझं कपाट भरलंय. जाऊबाईंचं म्हणणं, यंदा चाळण्या नकोत, डाळ-ज्वारी लुटू. हळदीकुंकूही ठेवायचं नाही, नुसतं वाण, म्हणजे कुणालाही येता येईल. मी या घरात नांदायला आले तेव्हाच त्या विधवा होत्या. दर संक्रांतीला बाहेर बायका जमायच्या आणि त्या आत बसून सगळ्यांचा चहा करायच्या. कुणालाही म्हणजे कुणाला, हे मला कळलं.

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारायचं ठरलं. पुकारणारा गडी हौशी, पण त्यानं नेमका 'वाण' हा शब्दच खाल्ला. "उद्या दुपारी देवळापुढं डाळ-ज्वारी लुटायची हाय, समद्यांनी या!"

दुसऱ्या दिवशी बायका भरलेल्या पिशव्या घेऊन आल्या आणि बाप्ये रिकाम्या. एकानं तर पोतंच आणलं होतं. मी पदर खोचून भांडायला उठले. जाऊबाई मात्र पोट धरून हसायला लागल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ, पोतं लय चांगलं आणलंय तुमी," त्या म्हणाल्या. "पण आमच्यात लुटणं म्हंजे देणं असतंय. घरी जाऊन भरून आणा."

त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्यानं गेला आणि थोड्या वेळानं डोक्यावर ज्वारी घेऊन परत आला. मग बाकीचेही लाजत-हसत घरी गेले आणि पिशव्या भरून आले. रास वाढत गेली. यंदाचा डबा बंद पडत नाही, हे दिसत होतं. मला गाव एकदम आवडायला लागलं, पोतंवाल्यासकट.

तेवढ्यात डब्यावर जेवणारी एक म्हातारी काठी टेकत आली. तिनं पदराची गाठ सोडून मूठभर तुरीची डाळ काढली.

"आज्जी, तुमी कशाला?" मी म्हणाले. "हे तुमच्यासाठीच तर चाललंय."

"मला बी लुटू दे की, माय. मालक गेल्यापासून कुणाच्या हातात वाण ठेवलं न्हाई मी."

डाळ तिनं राशीत टाकली नाही. ती जाऊबाईंसमोर जाऊन उभी राहिली. जाऊबाईंनी सवयीनं बाजूला सरकून मला पुढे केलं. घरात सवाष्ण मी होते.

"तिला न्हाई, तुला," म्हातारी म्हणाली. "हात कर पुढं. मी लुटायलेय."

जाऊबाईंनी आधी दोन्ही हात लुगड्याला पुसले, मग ओंजळ पुढे केली. इतक्या वर्षांत त्यांच्या हातात वाण पडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.