चौथ्या टेबलावरची सुई

आधी खिडक्यांचे काळे पडदे वर जातात. एकामागून एक, सहा. मग उजेड आत येतो आणि सगळा देखावा उभा राहतो: सहा लांब लाकडी टेबलं, प्रत्येकाच्या मधोमध पांढऱ्या रंगाने काढलेली फुली, फुलीवर काचेच्या गोल डबीत थरथरणारी चुंबकसुई. फळ्यावर कालची अर्धवट पुसलेली गणितं. आणि पडद्यांच्या दोऱ्या सोडून वळलेली एक ठेंगणी बाई, खांद्यावर फडकं टाकलेली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा तिने आत येतानाच दाराजवळच्या खुंटीला अडकवलाय. लोखंड घेऊन या टेबलांच्या जवळ जायचं नाही, सुया बिथरतात.

ही विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातली प्रयोगशाळेची ताई. नाटकात विंगेत बसलेला प्रॉम्प्टर असतो ना, टाळ्या कधीच न मिळणारा, पण तो खोकला तरी नायकाची बोबडी वळते, तसं तिचं काम. कुठली तार सैल आहे, कुठला प्राध्यापक चहा घेतल्याशिवाय सही करत नाही, सगळं तिला पाठ. कॉरिडॉरमधला सूचनाफलकही तिच्याच ताब्यात. शिष्यवृत्त्या, शिबिरं, उन्हाळी प्रकल्प, पोरांचं नशीब म्हणून जे जे कागदावर छापून येई, ते ती स्वतः टाचण्या मारून लावायची. वर आणि ओरडायची, "अरे, वाचा रे! भिंतीसाठी नाही लावलं!"

या वर्षी फलकावरचा एक कागद सगळ्यांत जास्त वाचला गेला. बाहेरच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत दोन महिन्यांची उन्हाळी जागा. जागा एकच. विभागातल्या तिघांनी नावं दिली होती, उद्या अकरा वाजता सभागृहात प्रत्येकाने स्वतः केलेलं एखादं काम मांडायचं होतं. त्या तिघांतली एक म्हणजे मुंगी. वर्गाने ठेवलेलं नाव, कारण अंगापेक्षा मोठी पुस्तकं उचलून ती भिंतीच्या कडेकडेने चालायची.

चार वाजता मुंगी गुंडाळलेला मोठा कागद घेऊन आली आणि तिने तो चौथ्या टेबलावर पसरला.

"ताई, बघा ना. सगळे फुलीवर सुई ठेवतात, एक आकडा घेतात नि पळतात. मी अख्ख्या टेबलावर घेतले. दर दोन बोटांवर एक. चारशे आकडे."

कागदावर बारीक बाण होते, शेकडो. फुलीवर सरळ उत्तरेकडे, पण डावीकडे सरकलं की ते भोवऱ्यासारखे वळत होते.

"इथे खाली काहीतरी आहे, ताई. उद्या तेच मांडणार. चौथ्या टेबलाखाली काय आहे?" मग जरा लाजून, "खणात काही आहे का हो?"

तिने खुंटीवरची किल्ली आणून खण उघडला. "फडकी नि खडू. बघ."

खणात खरंच फडकी आणि खडूच होते. खणाच्या मागे काय आहे, ते मुंगीने विचारलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. चौथ्या टेबलामागच्या भिंतीत लोखंडी खांब आहे. त्यामुळे या टेबलावर पृथ्वीच्या चुंबकत्वाचं उत्तर कधीच बरोबर यायचं नाही. परीक्षेत टेबलं चिठ्ठ्या टाकून मिळत, ज्याच्या नशिबी चौथं, त्याचे गुण गेले. ताईने दोन अर्ज केले, टेबल हलवा म्हणून. उत्तर नाही. मग अकरा वर्षांपूर्वी, एक मुलगा परीक्षेनंतर जिन्यात बसून हुंदके देताना दिसला, तेव्हा तिचा धीर सुटला. मोडीत काढलेला एक पट्टीचुंबक तिने खणाच्या मागच्या फटीत सरकवला, थोडा इकडे, थोडा तिकडे, फुलीवरची सुई शहाणी होईपर्यंत. तेव्हापासून चौथं टेबल भाग्याचं ठरलं. पोरं चिठ्ठी उघडून नाचायची.

आणि आता ही कार्टी फुली सोडून बाकीचं टेबल मोजत बसली होती.

मुंगी गेल्यावर ताई तशीच उभी राहिली. उद्या बाहेरच्या परीक्षक येणार, त्या म्हणतील चला बघू ते टेबल, कोणीतरी खण पूर्ण बाहेर ओढेल. पोरीचं हसं होईल. आणि आपण? निवृत्तीला चार महिने. विभागप्रमुखांना पोरं मागे 'झिरो एरर' म्हणत, चूक या शब्दाचीच त्यांना ॲलर्जी. साडेपाचला तिने दार लोटलं, खण ओढला, हात घालून चुंबक काढला आणि फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला. सुई हळूच वळली, जणू झोपेत कूस बदलली.

घरी जेवताना तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तो निवृत्त टपालखात्याचा माणूस, गुडघ्यांनी अधू, जिभेने धडधाकट.

"म्हणजे अकरा वर्षं टेबलाखाली लफडं, आणि मला पत्ता नाही!"

"अहो, माझ्या जिवाला घोर लागलाय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय."

"मग काय करू? काढलंस ना? संपलं. आता तोंडातून चकार शब्द काढू नकोस. चार महिने, आणि मग तू सुटलीस."

"आणि तिची जागा?"

तो पाणी प्यायला आणि ताट घेऊन उठला.

सकाळी ताई पोचली, तर मुंगी आधीच दारात. एकदा शेवटचं तपासून बघते म्हणाली. ताई खिडकीची काच पुसत राहिली, एकच काच, दहा मिनिटं. मागे सुईची डबी सरकल्याचा आवाज येत होता. सरकली. थांबली. पुन्हा सरकली. मग आवाज बंद झाला.

"ताई." मुंगी डबी हातात घेऊन उभी. "डावीकडे सुई भोवऱ्यासारखी वळतच नाही. सगळीकडे जराशी तिरकी, बस्स."



मुंगीने खिशातून केसांची एक काळी पिन काढली. "ही. लोखंडाची आहे. आज मोजायच्या आधी लक्षात आलं म्हणून काढून ठेवली. मी रोज हीच लावून वाकत होते टेबलावर. चारशे आकडे मी माझ्या डोक्याचे मोजले, ताई." हसायचा प्रयत्न केला तिने, जमला नाही. "बरं झालं आजच कळलं. मी नाव मागे घेते."

"अगं, थांब—"

ती थांबली नाही. नकाशा काखेत, भिंतीच्या कडेने गेली.

अकरा वाजता सभागृह भरलं होतं. प्राध्यापक, सगळे वर्ग, कार्यालयातले कारकूनसुद्धा. विभागात कुणी काही मांडणार असलं की सगळे ऐकायला येत, तशी रीत होती. दिव्यांची बटणं ताईकडे, म्हणून ती दाराशी. पहिले दोघे बोलून बसले. मुंगीचं नाव पुकारलं. दहा मिनिटं प्रत्येकी, आणि विभागप्रमुखांच्या हातात स्टॉपवॉच.

"सर, मला नाव मागे घ्यायचंय. माझे आकडे चुकलेत."

"मग आधी सांगायचं होतं. वेळ सुरू झालीय."

ताईला नंतर आठवेना की पाय कसे उचलले. पिशवीतलं फडकं तिने परीक्षकांपुढे ठेवलं आणि उलगडलं, आत पट्टीचुंबक.

"आकडे नाही चुकले. मी चुकले. हा चौथ्या टेबलाला मी लावला होता, मुलांची उत्तरं बरोबर यावीत म्हणून. अकरा वर्षं होता. काल संध्याकाळी भीतीने काढला. हिला यातलं काही माहीत नाही."

परीक्षक बाई मुंगीकडे वळल्या. "नकाशावरून सांगता येईल? हा कुठे होता?"

मुंगीने कागद उलगडला. एक कोपरा दोनदा सुटला. "डाव्या कडेपासून चौतीस सेंटिमीटर. फळीच्या खाली सात. पण तिथे तर खण..."

"खणाच्या मागे," ताई म्हणाली.

परीक्षक बाईंनी कागद स्वतःकडे ओढला. "खोली कशी काढलीस? फळ्यावर दाखव."

मुंगीने खडू उचलला आणि तेवढ्यात विभागप्रमुख उभे राहिले. कानापर्यंत लाल. "अकरा वर्षं! किती मुलं त्या टेबलावरून पास झाली, कल्पना आहे? हे सगळं इथेच थांबवा. ताई, आत्ताच्या आत्ता माझ्या केबिनमध्ये, आणि लेखी द्या!"

मुंगीचा हात फळ्यावर तसाच थांबला. सगळ्या माना ताईकडे. ताईने खुर्चीची पाठ धरली आणि साहेबांच्या हातातल्या स्टॉपवॉचकडे बघितलं.

"येते साहेब, लेखीसुद्धा देते. पण आधी तिला बोलू द्या, तिची अजून सात मिनिटं आहेत."