हैबतीचा सोळावा गडी

मी रावजी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी, आणि हैबतीचं घर माझ्या कुंपणाला लागून. गेली वीस वर्षं हा माणूस मला खेळात हरवत आलाय. एकदाच, फक्त एकदाच मी जिंकलो, आणि त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास नीट उतरत नाय.

खेळ हैबतीनंच आणला. जर्मनच्या लढाईत तो दर्यापार बसऱ्याला होता, एका गोऱ्या साहेबाचा अर्दली. साहेब तंबूत वाळूच्या टेकड्या करायचा, त्यावर शिशाचे शिपाई मांडायचा आणि दुसऱ्या साहेबाशी लढाई खेळायचा. हैबती बघून बघून शिकला. परत आल्यावर त्यानं पांगाऱ्याच्या लाकडाचे अंगठ्याएवढे गडी कोरले, सोळा त्याला, सोळा मला. सारवलेल्या ओटीवर मातीचे डोंगर केले, राखेची रेघ ओढली ती सावित्री नदी. सपाटीवर गडी एक वीत चालणार, चढावर अर्धी. नदी ओलांडली की मागे फिरायचं नाय. दोन गडी भिडले की दोघांनी सहा-सहा कवड्या टाकायच्या. ज्याच्या जास्त उताण्या, त्याचा गडी जगला. दुपारची जेवणं झाली की आमचं हेच.

मी आपला रांगडा. सगळे गडी घेऊन नदी ओलांडायची आणि घुसायचं. हैबती कधी घुसला नाय. तो खिंडीच्या तोंडाशी एकच गडी उभा करायचा आणि बाकीचे डोंगराआड दडवायचा. त्या एकट्याला बघून मला राहवायचं नाय. मी त्याला मारायला धावलो की दडलेले गडी दोन्ही अंगांनी उतरायचे आणि माझी दाणादाण. तो पुढचा गडी मात्र दरवेळी जायचा, आणि हैबतीला त्याचं काही वाटायचं नाय. एकदा विचारलं तेव्हा सांगितलं त्यानं. त्याच्या सोळाही गड्यांना नावं होती, बसऱ्याहून परत न आलेल्या सोबत्यांची. पुढे असायचा तो तुडीलचा चांगू. गेलेल्याला अजून काय होणार, असं म्हणाला. माझ्या अंगावर काटा आला होता तेव्हा. पण वीस वर्षं हरण्याची चीड वाईट असते मेली.

औंदा पावसाळ्यात चांगूला वाळवी लागली. हातात घेतला तर नुसता भुगा. नवा मी करून देतो म्हटलं, आणि कोरता कोरता डोक्यात किडा वळवळला. याला मेलेल्याचं नाव नसलं, तर हैबती याला पुढे ढकलेल का? दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून मी हसत हसत गडी तोंडाशी धरला, बारशाला आत्या करते तसं त्याच्या कानात 'कुर्र' केलं आणि नाव ठेवलं, सहदेव.

सहदेव म्हणजे हैबतीचा एकुलता एक लेक. मुंबईला गिरणीत होता.

मला वाटलं हैबती शिव्या देईल. त्यानं तो गडी माझ्या हातातून काढून घेतला. आत त्याची बायको साळूबाई तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. मस्करी केली रे, दुसरं नाव ठेवू, मी म्हटलं.

"कुर्र केलंस ना," हैबती हळूच म्हणाला. "आता ते परत घेता येत नाय."

तेव्हा तरी उठून जायचं. पण नाय, गाढव मी, डाव मांडला. हैबतीनं पुढे कोणालाच ठेवलं नाय. घार दिसली की कोंबडी पिलांवर बसते तसे त्याचे पंधराजण सहदेवाभोवती गोळा झाले. खिंड मोकळी होती. मी घुसलो आणि एकेक उचलत गेलो. हैबतीच्या हाताला एवढा घाम, की कवड्या बोटांना चिकटत होत्या. शेवटी सहदेव एकटा उरला. माझ्या चार उताण्या पडल्या, त्याची एक. पडलेला गडी जिंकणाऱ्यानं उचलायचा ही रीत. मी हात पुढे केला तर हैबतीनं माझं मनगट धरलं. मी गडी तिथंच सोडून उठलो.

सहदेवाचं पत्र महिन्याच्या महिन्याला यायचं. त्या महिन्यात आलं नाय. मी रोज पोलादपूरला चालत जाऊन डाकवाल्याला विचारायचो. समोरून कोणी घाईनं येताना दिसला की मी वाटेतच उभा राहायचो. साळूबाई विहिरीवर असली तर मी वाट बदलायचो. एक दिवस तिनं गाठलंच. शिवी नाय, शाप नाय.

"भावजी, नाव तुम्ही ठेवलंत," म्हणाली. "आता माझ्या पोराला तुम्हीच परत आणा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सहदेव आला. दासगावला बोटीतून उतरून चालत, धडधाकट. मी कुंपणापाशी मटकन बसलो आणि रडलो, सांगायला लाज कसली? मग तो ओटीवर बसून सांगतो काय, तर गिरणी सोडली. पुन्हा जर्मनशी लढाई लागली हाय, पलटणीत भरती चालू हाय, आणि त्यानं नाव दिलं हाय. आठ दिवसांनी हजर व्हायचं. हे तोंडानंच सांगायचं म्हणून पत्र धाडलं नाय. बापासारखा शिपाई होणार म्हणून पोरगा छाती काढून बोलत होता. नाव दिलेल्या शिपायाला घरात कोंडता येत नाय, हे हैबतीला ठाऊक होतं.

पोरगा गेला त्याच दुपारी हैबतीनं मला हाक मारली. डाव मांडलेला होता. पंधराजण खिंडीत एकामागे एक, आणि सहदेव पार मागे, भिंतीला टेकवलेला.

"रोज यायचं, रावजी," म्हणाला. "आणि रोज हरायचं."

तेव्हापासून रोज जातो. हरणं इतकं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. गडी चुकीच्या जागी नेणं माझ्या हातात हाय, कवड्या नायत.

आज त्या कवड्यांना काय झालं होतं कोण जाणे. हरायला म्हणून पाठवलेला माझा एक गडी भिडेल त्याला मारत सुटला. मागे फिरायचं नाय, म्हणून पुढेच गेला आणि भिंतीशी पोचून सहदेवाला भिडला. मी डोळे मिटून कवड्या टाकल्या. पाच उताण्या. हैबतीनं टाकल्या. दोन.

आत साळूबाईचं सूप थांबलं.

वीस वर्षांत हैबतीनं पडलेली कवडी कधी उलटवली नव्हती. आज त्यानं बोट पुढे केलं आणि माझ्या कवड्या एकेक करून पालथ्या घातल्या. पाचही.

"हरलास," तो म्हणाला.

मी मान हलवली. मग त्यानं रीतीप्रमाणे माझा गडी उचलला.