अंगठ्याखालची नाडी

नव्वदच्या दशकातला डिसेंबर. आमचं युनिट नगरजवळच्या रेंजवर फायरिंगसाठी तंबू ठोकून होतं. मी नाईक, नर्सिंग असिस्टंट. एमआय रूम, म्हणजे युनिटचा दवाखाना: एक तंबू, दोन खाटा आणि माझा संशयी स्वभाव. सिक रिपोर्टला येणाऱ्या दहातले चार नाटकी असतात, असं माझं ठाम मत होतं. काखेत कांदा धरून ताप आणणारा शिपाई दिनकर मी स्वतः पकडला होता. तो राजूरकडचा, मी सोनईचा. दोघं नगर जिल्ह्याचे; जिल्हावाला म्हणून त्याला जरा जास्तच झापायचो.

सकाळी ०७२० ला दोघांनी त्यालाच उचलून आणलं. थ्री-टनर ट्रकवरून उडी मारताना पडला होता. दुसऱ्या दिवशी पळण्याची टेस्ट होती, म्हणजे मला त्याच्या नाटकाचं कारण सापडलंच.

"उस्ताद, गुडगा मागं सरकला हुता. मीच वढला, तवा बसला."

"बसला ना? मग बोंबलतोस कशाला?"

"पाय गार पडलाय. बोटं माजी न्हाईत असं वाटतंय."

गुडघा सुजलेला, पण सरळ होता. पाऊल खरंच गार होतं. पाण्यात बुडवून आला असेल, असं मला वाटलं.

डॉक्टर कॅप्टनसाहेब नगरला गेले होते. रेडिओवर त्यांनी विचारलं, "पावलावर नाडी लागते? ओव्हर."

मी अंगठा दाबला. ठोका लागला.

"लागते, सर. ओव्हर."

"कन्फर्म?"

"कन्फर्म."

रेंजवर अँब्युलन्स उभी असल्याशिवाय गोळी झाडता येत नाही; ती हलली की फायरिंग थांबतं. नाटकी माणसापायी मी ती हलवू देणार नव्हतो. दिनकर तीन वेळा म्हणाला, "आईशप्पत, उस्ताद." मी त्याला वेदनाशामक गोळी दिली.

१२१० ला साहेब आले. त्यांनी दोन बोटं पावलावर ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत.

"तू कशानं पाहिलीस?"

"अंगठ्यानं, सर."

"ती तुझीच नाडी होती."

अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. हे मी ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. नाडी दोन बोटांनी पाहायची, हेही शिकलो होतो. पुण्याच्या लष्करी हॉस्पिटलला त्याला नेताना साहेबांनी वाटेत सांगितलं: सांधा निसटतो तेव्हा गुडघ्यामागची रक्तवाहिनी ताणून आतून फाटते. सांधा जागेवर बसला तरी ती बंदच राहते. साधारण सहा तासांत ती जोडावी लागते.

पुण्याला पोचायला साडेतीन वाजले. सर्जननी दुसऱ्या पायातली शीर काढून रक्तवाहिनी जोडली. पण तोवर मेलेल्या स्नायूंचं विष रक्तात उतरलं, मूत्रपिंडं बंद पडली. तिसऱ्या दिवशी दुपारी दिनकर गेला. चौकशीत मी सगळं खरं सांगितलं, शिक्षाही झाली. ती मला कमीच वाटली, आजही वाटते.

त्याचं सामान घेऊन राजूरला मीच गेलो. त्याच्या आईला अंगठ्याची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतलं.

"ल्हानपनापास्नं खोटं लई बोलायचा वो त्यो," ती म्हणाली. "तुमास्नी तरी कसं कळावं?"

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

"त्या दिवशी तो खरं बोलत होता, मावशी," मी म्हणालो. "शब्द न् शब्द खरा."