घट्ट करून दिलेला ड्रॅग

बागूल भाऊंनी उजवा हात काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "शेठ, ह्या हाताला चालंल असं मशीन दाखवा."

गळाच्या काठीवर दोरी गुंडाळायचं जे रीळ असतं, त्याला आमच्याकडे बरेच जण मशीनच म्हणतात. त्या हाताला अंगठा तेवढा होता, बाकी चार बोटांच्या जागी खुंट. सातपूरच्या एका कंपनीत प्रेसखाली गेली, असं मागे उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं सांगितलं. तेव्हापासून हे घरात भिंतीकडे तोंड करून बसतात. पूर्वी मासे धरायचा नाद होता, तेवढा तरी परत लागू दे, म्हणून तिनंच ओढून आणलं होतं. शर्टाची बटणं, जेवण, सही, सगळं आता डाव्या हातावर चालतं, हेही तीच म्हणाली.

द्वारका चौकाजवळ माझं गळ-दोऱ्यांचं दुकान आहे, तेवीस वर्षं झाली. रीळ निवडून द्यावं तर मीच, अशी माझी तेव्हा घमेंड होती. मी तीन प्रकार त्यांच्यापुढे मांडले.

पहिला बेटकास्टर. ह्यात दोरी धावत असताना अंगठ्यानं ब्रेक लावावा लागतो. अंदाज चुकला की दोरीचा असा गुंता होतो की माणूस रडकुंडीला येतो. तो मी लगेच बाजूला सारला. दुसरा झाकणाचा, बटण दाबून फेकायचा. भाऊंना तोच आवडला. पण त्याचे दाते नाजूक असतात. तळ्यातल्या छोट्या माशांना ठीक, धरणातला कटला त्याचं भुस्कट करतो. मी म्हणालो, "खेळणं कशाला नेता?" हे बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

तिसरा स्पिनिंग. हा काठीच्या खाली लटकतो आणि त्याचा दांडा डावीकडे किंवा उजवीकडे, हवा तिकडे बसवता येतो. काठी डाव्या हातात राहील असा दांडा मी उजवीकडे लावला. त्याची बारीक मूठ काढून मोठी गोल मूठ बसवली, म्हणजे नुसत्या तळव्यानं फिरवता येईल. ह्यात अर्धा तास गेला. भाऊंनी फिरवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मी स्वतःवर भलताच खूश झालो. वर ब्रेडेड लाइन भरून दिली. ही विणलेली दोरी. दिसायला बारीक, पण तुटत नाही आणि ताणतही नाही.

आता ड्रॅगबद्दल सांगायला हवं. ड्रॅग म्हणजे रीळचा ब्रेक. मोठ्या माशानं ओढलं की ड्रॅग घसरतो, थोडी दोरी बाहेर जाते, आणि दोरी, काठी, माणूस तिघंही वाचतात. तो किती घसरावा, हे पुढच्या चकतीनं ठरवायचं. पण आमच्या बाजारात रीळ टांगतात ते ड्रॅग पूर्ण आवळून. कारण गिऱ्हाईकाची परीक्षा एकच, दोरी हातानं ओढून बघायची. घसरली की 'हे तर ढिलं हाय' म्हणून ते पुढच्या दुकानात जातं. मीही सगळे ड्रॅग आवळूनच ठेवायचो. भाऊंनी ओढून पाहिलं. दोरी तसूभर हलली नाही.

"लय मजबूत हाय," ते म्हणाले.

मी तसंच डब्यात घालून दिलं. पाण्यावर गेल्यावर ही चकती सैल करा, हे सांगायचं राहिलं. गर्दी होती असं म्हणता येईल, पण नव्हती.

काही आठवड्यांनी बाई एकटीच डबा घेऊन आली. काय झालं ते तिनं उभ्या उभ्या सांगितलं. धरणाच्या मागच्या पाण्यात भाऊंच्या गळाला मोठा कटला लागला. दोरी सुटेना, काठी कमानीसारखी वाकली, गोल मूठ तळव्यातून निसटली. काठी जाते की काय म्हणून त्यांनी ती पायाखाली दाबली आणि दोरी डाव्या हाताला गुंडाळली. लहानपणी गोदावरीवर ते असेच मासे धरायचे. तेव्हा जाड तंगूस असायचा, म्हणजे नायलॉनची दोरी. तंगूस हाताला वळ पाडतो. ताणलेली ब्रेडेड लाइन कापत जाते. मासा उलटा फिरला, आणि शेजारच्या माणसानं सुरीनं दोरी तोडेपर्यंत तीन बोटांच्या शिरा गेल्या होत्या. टाके घातले, पण बोटं वळत नाहीत.

तिनं डबा काउंटरवर ठेवला. मग म्हणाली, "घास मी भरवते. तुमचं मशीन ठेवून घ्या, घरात नको."

दुसऱ्या दिवशी मी रीळ घेऊन त्यांच्या घरी गेलो. भाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. ड्रॅग आवळलेला होता आणि ते मी सांगायला हवं होतं, असं मी सरळ सांगितलं. ड्रॅग म्हणजे काय, त्यांनी विचारलं. मी चकती दोन फेरे सैल केली आणि दोरी ओढली. कर्र आवाज करत ती सहज बाहेर आली.

"परत ओढा," ते म्हणाले. मी परत ओढली.

सैल झालेल्या चकतीकडे बघत ते बोलले. "आमच्या प्रेसला बी सेन्सर व्हता. हात आत गेला का मशीन थांबायचं. सारखं थांबतं, माल कमी निघतो, म्हणून सायबांनी बंद करून ठेवला व्हता."

आवाजात राग नव्हता. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता माझ्या दुकानातले सगळे ड्रॅग सैल असतात. गिऱ्हाईक दोरी ओढतं आणि घसरते म्हणून नाक मुरडतं. मी समजावतो. काही ऐकतात, काही समोरच्या दुकानात जातात. आणि आता मी दोन्ही हात बघायला मागतो. त्या दिवशी अर्धा तास मी गेलेलाच हात बघत बसलो होतो.