काढून ठेवलेला भोंगा

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी हसणार नाही. मी चौथी शिकलेला माणूस. पण भूत, भानामती, अंगात येणं — असलं काही मी घरात येऊ दिलं नाही. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी आमच्या घरातले गंडेदोरे गेले ते गेलेच. चाळीस वर्षं ट्रक चालवला, कसारा घाटात एकट्यानं गाडी दुरुस्त करत बसलो, कधी काही दिसलं नाही. तरी हे लिहितोय... कारण जे झालं ते मी ऐकलंय, आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

आम्ही देवळाली कॅम्पाजवळ राहतो. बारा घरांची सोसायटी. आमचं घर पहिल्या मजल्यावर, गाडी खाली भिंतीला लागून. घरात मी आणि माझी बायको सुमन. मुलगी मालेगावला दिलेली.

गाडी सेकंडहँड, पण स्वतःची. तिला अलार्म बसवायला नाशिकरोडला शकीलभाईंच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, ह्या अलार्मला वरून एकच जादा सेन्सर जोडता येतो, कोणता ते तुम्ही ठरवा. काउंटरवर तीन डब्या मांडल्या. एक धक्का लागला की वाजवणारा. एक कुणी गाडी जॅकवर उचलली तर. आणि एक गाडीच्या आत काही हाललं तर.

सुमननं तिसऱ्या डबीवर बोट ठेवलं. "हा घ्या. आत कोणी असलं तर कळंल."

"आत आपणच असतो," मी म्हणालो. "चोर बाहेरून येतो."

शकीलभाई हळूच म्हणाले, "चाचा, चाचींचं ऐका. तुमच्या साइडला धक्केवाला परेशान करेल."

का, ते मी विचारलं नाही. गाड्यांमधलं मला कुणी शिकवायचं नाही, हा माझा जुना आजार. धक्क्याचाच घेतला.

कॅम्पाजवळ जन्म काढून मी एक गोष्ट विसरलो होतो — लष्कराच्या तोफा. तिकडं फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात. आम्हाला त्याची इतकी सवय, की बोलता बोलता कुणी थांबतसुद्धा नाही. सेन्सरला ती सवय नव्हती. दर तोफेला भोंगा! तळमजल्यावर एक निवृत्त हवालदार राहतात, ते गॅलरीतून म्हणायचे, "नाना, तुमची गाडी बघा, सलामी देतीय." पंधरा दिवसांत अशी गत झाली की भोंगा वाजला तरी कुणी बाहेर डोकावेना. त्यात गाडी धुताना भोंग्यात पाणी गेलं. तेव्हापासून तो दोनदा नीट वाजायचा आणि तिसऱ्यांदा गळा धरल्यासारखा तुटायचा.

दुकानात गेलो असतो तर शकीलभाईंनी सेन्सर बदलून दिला असता. पण मग सुमनचं खरं ठरलं असतं. म्हणून मीच बॉनेट उघडलं, भोंग्याच्या दोन्ही वायरी कापल्या आणि भोंगा खिळ्यांच्या डब्यात टाकून माळ्यावर ठेवला. रिमोटनं लॉक तेवढं चालू राहिलं.

मे महिन्यातला रविवार होता. आम्ही मुलीकडं मालेगावला निघणार होतो. अकराच्या सुमारास मी वरूनच रिमोटनं गाडी उघडून दिली आणि सुमन कुरडयांचा डबा गाडीत ठेवायला खाली गेली. मी गॅलरीत आलो, गाडीची दारं बंद दिसली. रिमोट दाबून लॉक केली. सुमन दिसली नाही, म्हणजे शेजारी बोलत उभी राहिली असणार, असं मनाशी ठरवलं आणि आत येऊन पेपर घेऊन बसलो.

ती गाडीतच होती. तिला शुगर आहे. सकाळची गोळी घेतली होती आणि निघायच्या गडबडीत पोटात काही नव्हतं. डबा ठेवताना डोळ्यांपुढं अंधारलं, म्हणून मागच्या सीटवर बसली, ऊन लागतंय म्हणून दार ओढून घेतलं... आणि आडवी झाली. मागच्या काचांना काळ्या जाळ्या मीच लावलेल्या. बाहेरून काही दिसत नव्हतं.

वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. आणि भोंगा वाजला.

एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तुटला.

आधी मला रागच आला — परत फायरिंग! मग लक्षात आलं, काचा हालल्या नाहीत. मग लक्षात आलं, आज रविवार, फायरिंगला सुट्टी. आणि मग, भोंगा तर माळ्यावर आहे. मी पेपर टाकला आणि चप्पल न घालता जिना उतरलो. मला कसलाही साक्षात्कार झाला नव्हता. माझ्या गाडीला कुणी हात लावलाय, एवढंच डोक्यात होतं.

गाडी गप्प उभी. दिवे बंद. चोर मागं लपला असेल म्हणून खिशातला रिमोट दाबून मागचं दार उघडलं, तर आतून भट्टीसारखी वाफ आली. सुमन घामानं निथळत पडली होती. हाक मारली, ओ नाही.

हवालदार धावत आले. आम्ही दोघांनी तिला नीट निजवलं, काचा खाली केल्या आणि त्याच गाडीतून दवाखाना गाठला. सलाईन लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर हातात काही राहिलं नसतं. बाहेरच्या बाकावर हवालदारांनी मला विचारलं, "नाना, भोंगा परत कधी जोडला?"

भोंगा काढताना त्यांनी मला पाहिलं होतं, पण आज तो वाजला हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरून डबा काढला. भोंगा खिळ्यांखाली, वर धूळ, वायरींची टोकं कापलेली तशीच. शकीलभाईंकडं नेला. त्यांनी थेट बॅटरीवर लावून पाहिला, हुंकारसुद्धा नाही. उघडला तर आत सगळा गंज. "चाचा, ये तो कब का मर चुका है," म्हणाले. सोसायटीत दार दार विचारलं. मी आणि हवालदार सोडून कुणी ऐकलेलं नाही, आणि तसा तुटका भोंगा दुसऱ्या कुणाच्या गाडीला नाही. हवालदारांची बायको म्हणते, वणीच्या देवीनं हाक दिली. डॉक्टर म्हणतात, माणसाचं मन काळजीत आवाज तयार करतं. पण मला तर काळजीच नव्हती, मी पेपर वाचत होतो! आणि हवालदारांच्या मनाला काय पडलं होतं? दोघांपुढंही मी मान डोलावली. पटलं एकाचंही नाही.

सुमनला विचारलं. तिनं काही ऐकलं नाही. हाक मारायची होती, म्हणाली, पण तोंड उघडेना.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "तुझं ऐकायला पाहिजे होतं. आतलाच सेन्सर घ्यायला पाहिजे होता." हे असलं वाक्य पन्नास वर्षांत मी पहिल्यांदा बोललो.

तिनं उशी सरकवून घेतली. मग म्हणाली, "सेन्सरचं राहू द्या. बटण दाबायच्या आधी एक हाक मारली असती तरी चाललं असतं."

काय वाजलं, कुणी वाजवलं, मला माहीत नाही. कुणाला कळत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. आता गाडीत आतला सेन्सर बसवलाय. तरी रिमोट दाबायच्या आधी मी गॅलरीतून हाक मारतो — "सुमन!" ती स्वयंपाकघरातून ओ देते. कधी कधी मुद्दाम देत नाही.

मग मी जिना उतरतो.